किल्ली कुणाकडं? शाहूपुरीतल्या एका ऑफिसच्या क्लाउड-कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काम ठरलं. शाहूपुरीतलं करसल्लागाराचं ऑफिस. साहेब, दोन ताई, एक नवा पोरगा आणि चार कॉम्प्युटर. पार्ट्यांमध्ये मार्केट यार्डातले गुळाचे अडते, शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले, हुपरीचे चांदीवाले आणि बरेचसे पगारदार. सगळ्यांचे कागद एका मोठ्या कंपनीच्या ड्राइव्हवर.

निमित्त हुपरीच्या एका चांदीवाल्यांचं. रिटर्नची चौकशी करायला आले होते, जाता जाता विचारलं, "साहेब, आमचा स्टॉकचा तक्ता तुमच्या कॉम्प्युटरवर हाय, का अमेरिकेत?" साहेबांना उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी मला फोन. "नीट बघून सांग, आणि काय करायचं ते करून टाक. पण ऑफिस थांबायला नको. १० तारीख डोक्यावर आहे." ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची मुदत यंदा ३१ ऑक्टोबरवरून १० डिसेंबरवर गेलीये, त्यामुळं सगळ्यांचेच चेहरे ओढलेले.

ड्राइव्ह ठेवायचं की सोडायचं हे मी आधीच ठरवून आलेलो नाही. आधी बघू, काय कुठं पडलंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर मोजदाद.

ड्राइव्हचं खातं फुकटातलं होतं, नंतर जागेचे पैसे भरायला लागले. खातं ऑफिसच्या नावावर नाही. पूर्वी कामाला असलेल्या एका ऑपरेटरनं उघडलेलं, आणि पासवर्ड विसरला तर ज्या नंबरावर कोड जातो तो नंबर अजून त्याचाच! तो आता बेंगळुरात नोकरीला. माणूस सज्जन आहे, साहेबांचा विश्वास आहे. पण पाचेकशे घरांचे कागद त्याच्या सिमकार्डावर उभे आहेत, हे ना त्याला माहीत, ना साहेबांना.

फोल्डर पार्टीच्या नावानं, आत वर्षवार. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, फॉर्म १६, घरकर्जाचं सर्टिफिकेट. काही फोल्डरांवर "लिंक असेल त्या कुणालाही बघता येईल" असं लावलेलं. कुणी, कधी लावलं, कुणालाच आठवत नाही. बहुतेक एखाद्या पार्टीला घाईत काहीतरी पाठवताना.

आणि मग ती एक्सेल. नाव "पासवर्ड फायनल न्यू २". एका कॉलममध्ये पॅन, दुसऱ्यात आयकर पोर्टलचा पासवर्ड, तिसऱ्यात जीएसटीचा, चौथ्यात पार्टीची जन्मतारीख, पाचव्यात बँकेचा खाते क्रमांक. बऱ्याच पासवर्डांचा साचा एकच : नावाची पहिली चार अक्षरं, अ‍ॅटचं चिन्ह, जन्मसाल. ताई म्हणाल्या, "दादा, सगळ्या ऑफिसात असंच असतंय." खरं आहे. मीही दुसऱ्या ऑफिसांत हेच बघितलंय.

डिजिटल सहीच्या टोकनांचा डबा कपाटात. प्रत्येक टोकनावर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर पार्टीचं नाव आणि खाली बारीक अक्षरात पिन.

म्हणजे अमेरिकेचा प्रश्न नंतर. आधी शाहूपुरीचा.

खात्यावरचा नंबर आजच बदलून घेतला. बेंगळुरात फोन लावला, त्यानं दोन मिनिटांत कोड सांगितला. उघड्या लिंका बंद केल्या. एक्सेल तशीच ठेवलीये, तिचं नंतर.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा, सुट्टी. पहाटे घाटावर दीपोत्सवाला गेलो होतो. पंचगंगेच्या पायऱ्यांवर पणत्या आणि प्रत्येक हातात मोबाइल. घरी येऊन फोन बघितला तर मी काढलेले फोटो मी न सांगताच वर गेलेले, आणि त्यातली माणसं चेहऱ्यानुसार वेगळी करून ठेवलेली. गुगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा बंद केली, तोवर निम्म्या गावाचे लग्नाचे अल्बम तिथं जाऊन बसले होते. फोटोंबद्दल माणूस इतका निवांत असतो, मग त्याला आधारच्या झेरॉक्सबद्दल सावध हो कुठल्या तोंडानं सांगायचं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांना दुपारी तासभर समजावलं. त्यांनी प्रश्न चांगले काढले, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

पहिला प्रश्न : "आपल्या फायली त्यांचा माणूस उघडून वाचतो का?" मी म्हटलं, कुणी माणूस बसून तुमच्या अडत्यांची खतावणी वाचत असेल असं मला वाटत नाही. या कंपन्यांची आतली शिस्त आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. फाइल वर जाताना कूटबद्ध असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, तिथल्या डिस्कवरही कूटबद्ध असते. पण ती उलगडायची किल्ली कंपनीकडेच असते. म्हणून तर ड्राइव्हवर फाइलच्या आतला शब्द शोधता येतो, न उतरवता पीडीएफ बघता येते, आणि पासवर्ड विसरलात तरी खातं सगळ्या फायलींसकट परत मिळतं. या सोयी हव्यात तर त्यांच्या मशीनला वाचता आलंच पाहिजे. वाचायचं की नाही, कशासाठी वाचायचं, हे मग त्यांच्या धोरणावर. जीमेलमध्ये जाहिराती जुळवण्यासाठी पत्रांचा मजकूर मशीन चाळायचं. ते थांबवणार असल्याचं गुगलनं जून २०१७ मध्ये जाहीर केलं. थांबवलं हे चांगलंच, पण त्या आधीची तेरा वर्षं ते चालू होतंच की, आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता.

साहेब म्हणाले, "म्हणजे बँकेच्या लॉकरसारखं नाही." अगदी बरोबर. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली. इथं एकच किल्ली, आणि ती बँकेकडं.

दुसरा प्रश्न : "चोरी होते का?" होते. याहूवर २०१३ मध्ये झालेली चोरी २०१६ साली बाहेर आली, आणि २०१७ मध्ये कंपनीनं कबूल केलं की तेव्हाची सगळीच, म्हणजे ३०० कोटी खाती त्यात सापडली होती. ड्रॉपबॉक्समधून २०१२ साली गेलेले ६.८ कोटींच्या वर खात्यांचे ईमेल आणि पासवर्डांचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणितानं काढलेले ठसे, २०१६ मध्ये उजेडात आले. तरीही आज मला विचारलं, की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून फाइल जाण्याची शक्यता जास्त की तिकडून, तर मी ऑफिसच म्हणेन. आपल्याकडं चिठ्ठीवर पिन आहे.

तिसरा प्रश्न सरकारचा. २०१३ मध्ये स्नोडेननं बाहेर काढलेल्या कागदांत असं दिसलं, की गुगल आणि याहूच्या डेटा सेंटरांना आपसांत जोडणाऱ्या तारांवरून अमेरिकेची गुप्तहेर संस्था एनएसए परस्पर माहिती उचलत होती. कंपन्यांचा पुढचा दरवाजा मजबूत होता, आतल्या वाटा उघड्या होत्या. त्यानंतर त्या वाटाही त्यांनी कूटबद्ध केल्या. कायद्याच्या वाटा मात्र उघड्याच आहेत आणि त्या उघड्यावर लिहिलेल्या आहेत. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड कायदा सांगतो, की अमेरिकी कंपनीला कायदेशीर आदेश आला तर डेटा जगात कुठंही ठेवलेला असो, तो द्यावा लागेल. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर २०१५ पासून पुण्यात आहे. कोल्हापुराहून गाडीनं चार तास. पण डेटा पुण्यात आहे म्हणून तो या कायद्याच्या बाहेर जात नाही. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे, तेही उलगडून मागू शकतं.

इथं साहेब हसले. "अरे, आयकर खात्याला हवं असेल तर ते मला नोटीस काढतील. अमेरिकेला कशाला जातील?" आणि त्यांनीच सांगितलं की १ एप्रिल २०२६ पासून जो नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला ईमेल, क्लाउड असल्या जागांचा पासवर्ड ओलांडून आत जाण्याचा अधिकार लिहिलेला आहे. "आपल्याला खात्यापासून काही लपवायचं नाही. पार्टीनं तसं म्हटलं तर मी ती पार्टीच घेत नाही. मला एवढंच पाहिजे, की विचारायचं ते मला विचारा. माझ्या मागं, मला न कळता, कुणी कपाट उघडायचं नाही."

हे वाक्य मी कामाचा मथळा म्हणून वहीवर लिहून घेतलं. सुरक्षित-असुरक्षित या घोळापेक्षा हे मोजायला सोपं आहे : मला न कळता कोण उघडू शकतं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जीएसटीची गडबड सुरू. फक्त नेट तपासलं. खाली उतरवायला वेग आहे, वर चढवायला रडतंय. सगळं एकदम हलवायचं झालं तर रात्री लावून ठेवावं लागेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

मी सहज म्हटलं, क्लाउड सोडून ऑफिसातच एक डब्बा बसवू, दोन डिस्का घालून. साहेबांनी भिंत दाखवली. दाराच्या चौकटीच्या वर एक पुसट तपकिरी रेघ आहे, रंग दिला तरी पावसाळ्यात ओल धरून परत दिसते. ऑगस्ट २०१९.

तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४३. शिरोलीजवळ हायवे बंद, गावात दूध-भाजी नाही, आणि ऑफिसात कोण जाणार बोटीतून? पाणी ओसरल्यावर फायलींची खोकी उघडली तर आत लगदा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, आणि पेनड्राइव्ह टेबलाच्या खालच्या ड्रॉवरात. त्यानंतर साहेबांनी क्लाउड घेतलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा ते लॅपटॉप घेऊन गडहिंग्लजला पाहुण्यांकडं बसले आणि एकही फाइल हरवली नाही.

"त्या कंपनीनं माझं दुकान वाचवलंय," साहेब म्हणाले. "तिला शिव्या घालायला मी तयार नाही."

हे ऐकल्यावर ऑफिसातल्या डब्याचा विषय संपला. क्लाउडच्या विरोधात लिहिणारे बरेच जण कोरड्या जागी बसून लिहितात, असं मला अलीकडं वाटायला लागलंय.

पण उलट बाजूही त्यांना सांगितली. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या गावातली इमारतच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांनी बॅकअप वेगळ्या जागी ठेवला नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला. तेव्हा एक प्रत क्लाउडवर, एक साहेबांच्या घरी सम्राटनगरात, जिथं पुराचं पाणी येत नाही. इथवर दोघांचं एकमत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज फक्त एकाच गोष्टीवर : खातंच बंद झालं तर?

चोरीची भीती सगळ्यांना असते, दार आपल्याच तोंडावर बंद होण्याची कुणाला नसते. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बापानं आजारी मुलाचा फोटो डॉक्टरला दाखवायला काढला, तो आपोआप क्लाउडवर गेला, मशीननं तो बालशोषणाचा ठरवला आणि गुगलनं खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही. ईमेल, फोन नंबर, सगळे फोटो, सगळं गेलं. मशीन चुकलं म्हणून दाद मागायची तर समोर माणूस नाही. इथं निदान तहसीलला जाऊन बाकावर बसता येतं.

तो एकटा माणूस होता म्हणावं तर जुलै २०२५ ची नायरा एनर्जी घ्या. गुजरातेत वाडीनारला एवढी मोठी रिफायनरी, रशियाच्या रोसनेफ्टची त्यात भागीदारी. युरोपीय संघानं निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं भारतातल्या या कंपनीच्या ईमेल वगैरे सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, करार चालू, भारतात कुठला कायदा मोडलेला नाही. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. तिला वकील परवडतात. आपल्याला?

आणि सगळ्यात शिकण्यासारखं ऑस्ट्रेलियाचं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगल क्लाउडवरची खासगी व्यवस्था पुसली गेली. सेवा सुरू करताना गुगलकडून एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून मुदत संपल्यावर यंत्रणेनं ती आपणहून काढून टाकली. सहा लाखांवर सभासदांचं खातं आठवडाभर दिसेना. परत उभं राहिलं त्यात मोठा वाटा दुसऱ्या एका कंपनीकडं ठेवलेल्या बॅकअपचा होता. गुगलवर अविश्वास म्हणून त्यांनी तो ठेवला असेल असं नाही, पण वेळेला तोच कामाला आला.

तेव्हा घरची प्रत महिन्याला एकदा नाही, रोज रात्री घ्यायची. आणि ती क्लाउडच्या खात्याशिवाय उघडता आली पाहिजे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियमांना सव्वादोन वर्षं लागली. मुख्य जबाबदाऱ्या अजून अठरा महिन्यांनी लागू होणार.

साहेबांनी रात्रीच वाचून काढले होते. करसल्लागाराला कायदा वाचायला सांगावं लागत नाही, फक्त तारीख सांगावी लागते. त्यांच्या नजरेनं पकडलेला मुद्दा असा : पार्टीचा डेटा कशासाठी वापरायचा हे ऑफिस ठरवतं, म्हणून कायद्यासमोर जबाबदार ऑफिस. क्लाउड कंपनी ऑफिसच्या वतीनं तो सांभाळते. डेटा फुटला तर "त्यांच्याकडून फुटला" म्हणून हात झटकता येत नाहीत. पार्टीला कळवायचं, डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा, आणि सुरक्षेत कसूर केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. एवढा दंड शाहूपुरीतल्या ऑफिसला कुणी लावणार नाही, पण आकडा बघून साहेबांनी चहा बाजूला ठेवला.

माझं काम सोपं झालं. "लागेल तेवढंच ठेवा" हे मी म्हटलं असतं तर कंजूषपणा वाटला असता, आता कायदाच म्हणतो. ज्या कामात पूर्ण आधार लागत नाही तिथं आधारचे शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत मागवायची. यूआयडीएआयच्या साइटवर ती फुकट मिळते, पार्टीला फक्त सांगावं लागतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी पाचच्या सुमारास निम्मं इंटरनेट झोपलं. पोरगा राउटर चालू-बंद करत बसला होता. नंतर कळलं, क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य साइटांची वाहतूक जिच्यातून जाते ती कंपनी. त्यांच्या एका अंतर्गत फाइलचा आकार अचानक दुप्पट झाला आणि यंत्रणा कोसळली. गेल्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत अ‍ॅमेझॉनची सेवा अशीच आडवी झाली होती. आपल्या यादीत या दोन्ही कंपन्यांचं नावही नाही, तरी आपण अडकतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जीएसटीच्या ३बी रिटर्नची तारीख. काम नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज कुलूप बसवून बघितलं. क्रिप्टोमेटर घेतलं : फुकट, मूळ कोड उघडा, आणि ड्राइव्ह बदलायची गरज नाही. ड्राइव्हच्या फोल्डरात एक तिजोरी बनते. कॉम्प्युटरवर पासवर्ड देऊन उघडली की नेहमीच्या डिस्कसारखी दिसते. फाइल आधी इथंच कूटबद्ध होते, मग वर जाते.

चाचणीला मार्केट यार्डातल्या एका पार्टीचं फोल्डर टाकलं आणि ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडून साहेबांना दाखवलं. नावाचा पत्ता नाही. "डी" नावाचं एक फोल्डर, त्यात दोन-दोन अक्षरांची फोल्डरं, त्यात इंग्रजी अक्षरांच्या लांबच लांब माळा, शेवटी डॉट सी-नाइन-आर. एकावर क्लिक केलं तर ड्राइव्ह म्हणतं, पूर्वदृश्य उपलब्ध नाही. साहेब बराच वेळ ते वाक्य बघत राहिले. मग म्हणाले, "आता गूळ आहे का चांदी, त्यांना कळणार नाही."

कळणार नाही, पण किती फायली आहेत, केवढ्या आहेत, कधी बदलल्या, हे दिसतच राहणार. क्रिप्टोमेटर ते झाकत नाही. जुलैमध्ये फायली वाढतात एवढ्यावरून हे ऑफिस कसलं, याचा अंदाज कुणीही बांधेल.

अडचणी निघाल्या त्या अशा. ताईंना फाइलच्या आतला शब्द शोधायची सवय, ब्राउझरमधून ते गेलं. दोघींनी एकच फाइल एकाच वेळी उघडली तर दोन प्रती होतात. पार्टीला लिंक पाठवता येत नाही. आणि एक खास आपली अडचण : "श्री अमुक तमुक गूळ खरेदी विक्री तपशील मार्चअखेर सुधारित" असली फाइलची नावं. देवनागरीतल्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, कूटबद्ध झाल्यावर नाव आणखी फुगतं, आणि विंडोजची लांबीची मर्यादा गाठली जाते. काही फायली वर चढल्याच नाहीत. नावं आखूड करायला सांगितलं. मोठ्या ताई नाराज. "नाव बघून कळायला नको व्हय?"

शेवटी वाटणी केली. आधार, पॅन, बँकेचे कागद, स्टॉकचे तक्ते, टॅलीचा बॅकअप : तिजोरीत. टॅलीची चालू कंपनी, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या फायली, तिजोरीत ठेवायची नाही, ती सतत उघडी असते आणि अर्धवट फाइल वर गेली तर बोंब. परिपत्रकं, कोरे फॉर्म, नमुने, सुट्ट्यांची यादी : बाहेरच. सुट्ट्यांची यादी कंपनीनं वाचली तर वाचू दे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

"पासवर्ड फायनल न्यू २" चा निकाल. कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळं हलवलं, एकच कूटबद्ध फाइल, ती तिजोरीत. नवा पोरगा म्हणाला, "दादा, ऑनलाइनवालं घेऊया की, फोनवर पण चालतंय." त्याला लास्टपासची गोष्ट सांगितली. २०२२ मध्ये चोरांनी त्यांच्या क्लाउडवरच्या बॅकअपमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच नेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण साइटचे पत्ते तसेच उघडे. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांनी काय करायचं? सगळ्या ऑनलाइन सेवा तशाच असतील असं नाही, पण आपल्याला फोनवर ते लागतच नाही, मग कशाला?

टोकनांवरच्या चिठ्ठ्या ताईंनीच सोलल्या. डिंक राहिला, तो रॉकेल लावून काढला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आता खरा नाजूक भाग. तिजोरीचा पासवर्ड कंपनीकडं नाही, म्हणजे विसरला तर परत देणारं कुणी नाही. क्रिप्टोमेटर सुरुवातीला शब्दांची एक लांब ओळ देतं, तीच शेवटची वाट.

मी साहेबांना सांगितलं, पासवर्ड मला नको. तुम्ही आणि मोठ्या ताई, दोघांनाच माहीत असू दे. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो, त्यांनी आत ठरवला. शब्दांची ओळ ताईंनी हातानं लिहिली, दोन प्रती, दोन पाकिटं. छापली नाही, कारण प्रिंटरही फाइल लक्षात ठेवतो. एक पाकीट साहेबांच्या घरी, दुसरं ताईंच्या माहेरी कागलला. मोबाइलनं फोटो काढायचा नाही, हे मी तीनदा बजावलं. फोटो काढला की तो थेट वर, आणि आख्ख्या कामावर पाणी.

२ डिसेंबर, मंगळवार

जुन्या उघड्या प्रती ड्राइव्हवरून काढायला सुरुवात. पुसलं की पुसलं, असं नसतं. कचऱ्याच्या डब्यात ३० दिवस राहतात. डबा रिकामा केला तरी, गुगलच्याच धोरणाप्रमाणं, चालू यंत्रणेतून पूर्ण जायला साधारण दोन महिने आणि बॅकअपमधून सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. हे ते स्वतः लिहून ठेवतात ही चांगली गोष्ट. म्हणजे आज काढलेला कागद खरोखर गेला असं पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी म्हणता येईल.

काम सोडून गेलेल्या पार्ट्यांचे जुने फोल्डरही निघाले. वारलेल्या माणसांचे आधार, मोडलेल्या भागीदाऱ्यांचे करार. कायद्यानं ठेवायची वर्षं उलटलेली. साहेब एकेक नाव वाचत होते, मधेच थांबून "हे चांगले होते हो" म्हणत होते. वेळ गेला, पण घाई करावीशी वाटली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

कालची तारीख पार पडली. ऑफिसात आज सगळे उशिरा आले, मिसळ मागवली.

दुपारी हुपरीचे ते चांदीवाले आले. साहेबांनी मुद्दाम बसवून घेतलं आणि ब्राउझरमधली ती माळ दाखवली. "हा तुमचा स्टॉकचा तक्ता." त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "बरं. म्हणजे ते वाचू शकत न्हाईत. तुम्ही वाचू शकता."

"हो."

"आणि ह्यो पोरगा?" म्हणजे मी.

साहेब म्हणाले, "त्याच्याकडं पासवर्ड नाही."

"आणि ताई हायत."

"ताई आहेत."

ते थोडं गप्प राहिले. "ताईंच्या वडलांना आम्ही वळखतो," म्हणाले, आणि चहा घेतला. पण निघताना आणखी एक विचारून गेले, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं : "उद्या मी दुसऱ्या सल्लागाराकडं गेलो, तर माझे कागद मला परत देऊन तुमच्याकडचे पुसणार का?" साहेब म्हणाले, पुसू. त्यांनी ते लिहून मागितलं. मोठ्या कंपनीकडं "मान्य आहे" वर टिचकी मारताना कुणी असं लिहून मागत नाही. साहेबांनी लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यासकट दिलं, आणि आता हाच मजकूर सगळ्या पार्ट्यांना द्यायचं म्हणताहेत.

१३ डिसेंबर, शनिवार

शेवटची चाचणी. कोरा लॅपटॉप, ड्राइव्हच्या खात्यात लॉगइन करायचं नाही असं ठरवून. फक्त सम्राटनगरातली डिस्क आणि कागलहून आणलेलं पाकीट. मी बाहेरच्या बाकावर. आत मोठ्या ताई एकट्या, समोर मी लिहून दिलेला एक पानी कागद.

पहिल्यांदा एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं, तिजोरी उघडेना. त्यांनी मला हाक मारली नाही. ओळ पुन्हा टाइप केली, नवा पासवर्ड दिला, आणि फाउंड्रीवाल्याची मार्चअखेरची बॅलन्सशीट उघडून प्रिंट काढून बाहेर आल्या. प्रिंट माझ्या हातात देता देता परत ओढून घेतली. "तुम्हाला कशाला बघायचं?" बरोबर आहे. पाकीट नव्यानं बंद करून सही केली, सोमवारी परत कागलला.

घरच्या डिस्कवरचा रात्रीचा बॅकअप चालतोय. वर चढवायचा वेग अजून रडतोय, दुसऱ्या नेटवाल्याचं कोटेशन मागवलंय.

राहिलं ते व्हॉट्सअ‍ॅप. पार्ट्या अजूनही आधारचे फोटो तिथंच पाठवतात, ते ताईंच्या आणि पोराच्या फोनात साठतात, आणि बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला नसेल तर तसेच वर जातात. ताईंच्या फोनवर तो पासवर्ड लावून दिला. पोरगा म्हणतो, गॅलरीत घरचेपण फोटो आहेत, मी आधी बघून देतो. मंगळवारी बसायचं ठरलंय.